मूल व्यसनात सापडले, तर पहिले दार कोणते?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत झालेले भाषण)



वर्धापनदिनासारख्या आनंदाच्या प्रसंगी हा विषय घ्यावा की घेऊ नये, यावर कार्यकारिणीत थोडी चर्चा झाली, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले. ते साहजिकच आहे. सणाच्या दिवशी दुखण्याचे नाव काढू नये, अशी आपली रीत. परंतु या मंडळाने इतकी वर्षे शिवणवर्ग चालविला, बालवाडी चालविली, परीक्षेच्या दिवसांत मुलांसाठी अभ्यासिका उघडली. ज्या घरांसाठी हे सारे केले, त्याच घरांतल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांचा हा प्रश्न आहे. तो आपल्या सभेत यावयाचा नाही, तर कोठे यावा?

शाळांतून समुपदेशन करताना आणि पालकांच्या बैठका घेताना मला जे दिसले, त्यावरून आज एकच गोष्ट आपणांपुढे मांडावयाची आहे. दारूच्या अथवा अमली पदार्थांच्या नादी लागलेल्या मुलाला मदत मिळण्याची सोय आपल्याकडे आहे. ती पुरेशी नाही, पण आहे. तेथवर जाण्यास घराला उशीर होतो तो बहुधा लाजेपायी, आणि ही लाज बहुतेक वेळा एकट्या आईच्या डोक्यावर असते. ते ओझे आपण मिळून हलके करू शकलो, तर पुष्कळ मुले वेळेवर डॉक्टरांपर्यंत पोहोचतील.

आधी हे पदार्थ कोणते ते पाहू. व्यसन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बाटली येते. मुलांच्या बाबतीत आरंभ पुष्कळदा त्याहून साध्या वस्तूंनी होतो. तंबाखू आणि मावा तर आहेतच. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, तरी पुडी मिळते, हे आपण सर्वजणी जाणतो. खाडाखोडीसाठी वापरावयाचे व्हाइटनर, रंगाचा थिनर, पंक्चरचे सोल्यूशन, या वस्तू फडक्यावर घेऊन हुंगल्या जातात. कोडीन असलेले खोकल्याचे औषध आणि झोपेच्या गोळ्या घरच्या कपाटातूनही जातात. मग बिअर, गांजा, आणि मोठ्या शहरांतून एम. डी. म्हणून ओळखली जाणारी भुकटी. तिचे खरे नाव मेफेड्रोन. ती २०१५ साली अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणली गेली.

केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्स संस्थेने देशभर पाहणी केली, तिचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यातील एक आकडा आपण आयांनी लक्षात ठेवावा असा आहे. हुंगण्याच्या पदार्थांचा वापर प्रौढांमध्ये ०.५८ टक्के, तर १० ते १७ या वयाच्या मुलांमध्ये १.१७ टक्के, म्हणजे दुप्पट आढळला. या एकाच व्यसनासाठी मदतीची गरज असलेली मुले देशात सुमारे ४ लाख ६० हजार असावीत, असा अंदाज त्यात दिला आहे. स्वस्त, सहज मिळणारी आणि दप्तरात मावणारी वस्तू ती हीच. तिला बाळबोध समजू नका. थिनर हुंगताना हृदयाचे ठोके बिघडून एकाएकी मृत्यू येऊ शकतो. तो पहिल्या खेपेलाही येऊ शकतो.

त्याच अहवालात असेही दिसले की दारूच्या पुरत्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला काही ना काही उपचार मिळाले. बाकीचे सदतीस कोठे गेले? ते घरीच राहिले. कोणी शपथा घेतल्या, कोणी मार खाल्ला, कोणाला गावी पाठविले. हेच आपल्याला बदलावयाचे आहे.

आता ओळखावे कसे? मुलाचे मित्र अचानक बदलतात, जुने येईनासे होतात. झोपेच्या वेळा उलटसुलट होतात. पैसे, मोबाइल, घरातील लहानसहान वस्तू नाहीशा होतात. कपड्यांना रंगाचा वा रसायनाचा वास येतो. उकाड्यातही लांब बाह्यांचा सदरा घातला जातो. शाळेतून गैरहजेरीची चिठ्ठी येते. मात्र यांतील एक-दोन गोष्टी वाढत्या वयात कोणत्याही मुलामुलीत दिसतात. तेवढ्यावरून पोराला चोर ठरवू नये. चार-पाच गोष्टी एकदम दिसू लागल्या आणि काही आठवडे टिकल्या, तर मात्र डोळेझाक करू नये. मी ‘मुलगा’ म्हणते खरी, पण मुलीही यात आहेत. मुलीचे व्यसन घर अधिक लपविते, म्हणून तिला मदत त्याहून उशिरा मिळते.

खात्री पटली, की पहिल्या संध्याकाळी काय करावे? पहिले हे, की मूल नशेत असताना बोलू नये. तेव्हाचे बोलणे त्याच्या ध्यानात राहत नाही आणि आपला तोल मात्र जातो. श्वास संथ झाला, शुद्ध हरपली, झटके आले, तर उपदेशाची वेळ नव्हे. कुशीवर वळवून ठेवावे, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि डॉक्टरांना काय घेतले ते खरे सांगावे. एरवी दुसऱ्या दिवशी, घरात पाहुणे नसताना, आई-बापांनी शांतपणे एवढेच विचारावे: “काय घेतोस, केव्हापासून, आणि कशासाठी?” तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. त्याचे उत्तर कधी परीक्षेच्या भीतीत असते, कधी वर्गात होणाऱ्या छळात, कधी घरातल्या रोजच्या भांडणात. उत्तर त्याच दिवशी मिळेल असे नाही. पण हा प्रश्न विचारणारे घर आपल्याला घालवून देणार नाही, एवढे मुलाला समजते.

भगिनींनो, आपल्याकडचे नेहमीचे उपाय कोणते, ते मी सांगावयास नको. मार देणे, देवापुढे शपथ घालणे, खोलीत कोंडणे, सुटीत मामाकडे पाठविणे, आणि मुलगा थोडा मोठा असेल तर लग्न करून देणे. या उपायांमागे माया असते, हे मी नाकारीत नाही. परंतु माराने मूल खोटे बोलण्यास शिकते. मामाच्या गावाहून परत आल्यावर तेच मित्र आणि तोच कोपरा वाट पाहत असतो. लग्नाने तर दुसऱ्याच्या लेकीचा बळी जातो. खोलीत कोंडण्यात आणखी एक धोका आहे. रोज भरपूर दारू पिणाऱ्याची दारू एकदम तोडली, तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवावरही बेतू शकते. झोपेच्या गोळ्यांचेही तसेच आहे. गर्द घेणाऱ्याचे याहून वेगळे. काही दिवस खंड पडला की शरीराची सवय मोडते, आणि मग पूर्वीएवढीच मात्रा घेतली तर ती प्राणघातक ठरू शकते. तेव्हा तोडणे डॉक्टरांच्या नजरेखाली व्हावे.

तसेच भिंतींवर आणि आगगाडीच्या डब्यांत आपण जाहिराती वाचतो: पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा, भाजीत पूड मिसळा. कृपा करून हे करू नका. त्या पुडीत काय असते ते आपल्याला ठाऊक नसते. दारूची घृणा उत्पन्न करणारे एक खरे औषध आहे, पण ते पोटात असताना माणूस नकळत दारू प्याला, तर त्याचा रक्तदाब एकदम उतरतो आणि प्राणावर बेतते. म्हणून डॉक्टर ते रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनेच देतात.

मग जावे कोठे? पहिले दार म्हणजे जवळच्या सरकारी अथवा महापालिकेच्या रुग्णालयातील मानसोपचार विभाग. बाह्यरुग्ण विभागात केसपेपर काढावयाचा आणि मुलाला घेऊन बसावयाचे. ‘मानसोपचार’ या शब्दाला बिचकू नये. व्यसन हे मेंदूचे दुखणे आहे, आणि मेंदूची वाढ पंचविशीपर्यंत चालू असते. म्हणूनच या वयात व्यसन चटकन जडते, आणि म्हणूनच या वयात केलेल्या उपचाराचा उपयोगही पुष्कळ होतो. जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा रुग्णालय आहे. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. कोठे जावे हेच कळत नसेल, तर घरबसल्या फोन करता येतो. व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय मदतक्रमांक १४४४६ आहे. मनाच्या कोणत्याही त्रासासाठी १४४१६, म्हणजे टेलिमानस. ही सेवा २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू झाली. मूल संकटात असेल तर १०९८. हे तिन्ही फुकट आहेत. गॅसच्या टाकीचा क्रमांक जेथे लिहून ठेवतो, तेथेच हेही लिहून ठेवावेत.

दुसरे दार स्वयंसेवी केंद्रांचे. मुंबईत कृपा फाउंडेशनचे काम १९८१ पासून चालू आहे. पुण्याचे मुक्तांगण तर आपल्या सर्वांच्या परिचयाचे. गर्दच्या विळख्यात सापडलेली पुण्यातील तरुण मुले पाहून डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने ते १९८६ साली सुरू केले. एका बाईने मनात आणले आणि केवढे काम उभे राहिले, याचे ते उदाहरण आहे. अशा केंद्रांतून रुग्णाच्या घरच्यांनाही बोलावतात. घर बदलल्यावाचून घरी परतलेले माणूस टिकत नाही, हा त्यांचा अनुभव. दारूड्याच्या घरच्या माणसांनी एकत्र बसून एकमेकांस धीर द्यावा, यासाठी अमेरिकेत १९५१ साली अल-अनॉन ही संघटना निघाली, आणि अशा घरांतील किशोरवयीन मुलांसाठी १९५७ साली अलाटीन निघाली. त्यांच्या सभा आज आपल्याकडेही होतात. आपल्यापैकी जिच्या घरी नवरा पितो, तिने आणि तिच्या मुलांनी याचा जरूर लाभ घ्यावा. कारण बापाची बाटली आणावयास दुकानावर धाडलेले पोर पुढे स्वतःसाठी केव्हा आणू लागते, ते समजतही नाही.

मात्र केंद्र निवडताना डोळे उघडे ठेवा. सर्वच केंद्रे चांगली नसतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू व अमली पदार्थांमुळे होणारे मनाचे आजारही येतात, आणि अठरा वर्षांखालील मुलाविषयी त्यात स्पष्ट नियम आहेत. मुलाला प्रौढ रुग्णांत ठेवता येत नाही, त्याची सोय वेगळी हवी. जोवर मूल तेथे आहे, तोवर घरचे जबाबदार माणूस त्याच्यासोबत राहावे. दाखल करण्यापूर्वी मानसोपचारतज्ज्ञांनी त्याला तपासलेले असावे. कोणालाही साखळीने बांधणे सर्वस्वी निषिद्ध आहे. तेव्हा दाराशीच विचारावे: नोंदणी आहे का? डॉक्टर रोज येतात का? मुले वेगळी ठेवता का? आईला सोबत राहता येईल का? “मुलाला येथे सोडा आणि चार महिने तोंड दाखवू नका,” असे जेथे सांगतील, तेथून मुलाला घेऊन परत फिरावे. शिवाय हेही लक्षात असू द्या, की पुष्कळ मुलांना दाखल करण्याची गरजच पडत नाही. आठवड्याला एकदा येऊन, घरी राहून, शाळा न सोडता ती सुधारतात.

“पोलिसांत नाव जाईल,” ही आणखी एक भीती. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात कलम ६४-अ आहे. केवळ सेवनाचा अथवा अल्प मात्रेचा आरोप असलेला व्यसनी आपण होऊन सरकारमान्य ठिकाणी उपचार घेण्यास पुढे आला आणि त्याने ते पुरे केले, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळते. डॉक्टरांनीही रुग्णाची माहिती गुप्त ठेवावी, असा कायदा आहे. उलट मुलाला दारू, तंबाखू वा अमली पदार्थ देणाऱ्याला २०१५ च्या बालन्याय कायद्याने सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे कायद्याचा रोख विकणाऱ्यावर आहे. आपण मात्र मुलाला लपवितो, आणि विकणारा नाक्यावर उजळ माथ्याने उभा राहतो!

एका घरची हकीकत सांगते. नाव-गाव अर्थातच सांगणार नाही. आई धुण्याभांड्याची कामे करणारी, बाप रिक्षा चालविणारा. आठवीतल्या मुलाच्या खिशात थिनरचे फडके सापडले. बापाने पट्ट्याने मारले. मग दिवाळीच्या सुटीत गावी धाडले. परत आल्यावर आठ दिवसांत पुन्हा तेच. आईने सहा महिने कोणाजवळ तोंड उघडले नाही. शेजारीण विचारी, तर “त्याला कावीळ झाली होती” म्हणून सांगे. शेवटी शाळेतल्या एका बाईंनी तिला घेऊन रुग्णालय गाठले. डॉक्टरांनी मुलाला आधी एकट्याला भेटून विचारले. तेव्हा कळले की पोराला वाचताच येत नव्हते. पाटीवरची अक्षरे त्याच्या डोळ्यांपुढे उलटीपालटी होत. वर्गात रोज हसे व्हावयाचे, म्हणून तो शाळेमागच्या पडवीत जाऊन बसे, आणि तेथे त्याला फडके देणारे भेटले. बापाचा पट्टा ज्या ठिकाणी कधी पोहोचला नसता, तेथे दहा मिनिटांचे शांत बोलणे पोहोचले. पुढे वाचनाचे वेगळे शिक्षण, दर आठवड्याला समुपदेशन, बापालाही दोन-चार भेटी. चार महिन्यांनी पोर पुन्हा एकदा घसरले. आई रडत आली. डॉक्टर म्हणाले, “बाई, परत आलात ना? मग काम चालू आहे.” आज तो मुलगा आय. टी. आय. मध्ये वायरमनचे काम शिकत आहे.

या घसरण्याविषयी दोन शब्द. दमेकऱ्याला पुन्हा दम लागला, तर आपण त्याला नालायक म्हणत नाही, औषध पाहतो. व्यसनाचेही तसेच आहे. एकदा पाय घसरला म्हणजे सारे फुकट गेले, असे समजून उपचार सोडू नयेत. मात्र माया करणे म्हणजे पैसे पुरविणे नव्हे. मुलाची उधारी गुपचूप फेडू नये, त्याच्यासाठी शाळेत खोटी चिठ्ठी देऊ नये. ताट वाढावे, औषधाची वेळ पाळावी, रुग्णालयात सोबत जावे. पण हाती रोकड देऊ नये.

आणि आता आईविषयी. मूल पहिले आले तर ते वडिलांवर गेले, आणि बिघडले तर आईच्या लाडाने बिघडले, हा आपल्या घराघरांतील न्याय! सासू बोलते, नवरा बोलतो, आणि कालांतराने ती स्वतःही तसेच मानू लागते. मग ती लग्नकार्याला जात नाही, हळदीकुंकवाला येत नाही, मंडळातले नाव काढून घेते. आपल्यातून कोणी बाई अशी हळूहळू दिसेनाशी झाली, तर “तिला गर्व झाला” म्हणण्यापूर्वी एकदा तिच्या दाराशी जाऊन यावे.

म्हणून माझी आपणांस तीन कामांची विनंती आहे. पहिले, आठवड्यातील एक दुपार मंडळाच्या कार्यालयात दोन जाणत्या भगिनींनी बसावे. ज्या आईला बोलावयाचे आहे तिने यावे, आणि तेथले बोलणे उंबऱ्याबाहेर जाऊ नये. हा शेवटचा नियम मोडला तर बाकी सारे व्यर्थ होईल, हे पक्के समजा. दुसरे, पहिल्या खेपेस रुग्णालयात जाताना त्या आईबरोबर आपल्यातील एकीने जावे. रांगेत तीन तास एकटीने बसणे फार जड असते. तिसरे, शाळांकडे आपले शिष्टमंडळ न्यावे. व्यसनात सापडलेल्या मुलाचे नाव काढून टाकू नका, त्याला उपचारास पाठवा, अशी मुख्याध्यापकांना विनंती करावी. शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकण्यास २००३ च्या कायद्याने बंदी आहे. ते अंतर प्रत्यक्ष चालून पाहावे आणि टपरी आढळली तर लेखी तक्रार द्यावी. एकटीच्या तक्रारीला उत्तर मिळत नाही, पन्नास सह्यांच्या तक्रारीला बहुधा मिळते.

या तिन्ही कामांना पैसा फारसा लागत नाही. लागते ती सवड, आणि तोंडावर ताबा! पहिली आपल्याजवळ थोडी आहे, दुसरा आपण प्रयत्नाने मिळवू. ज्या दिवशी आपल्यातील एखादी आई, “माझ्या मुलाला कावीळ झाली आहे” असे न म्हणता, “माझ्या मुलाला मदत हवी आहे, कोणी बरोबर येते का?” असे या सभागृहात म्हणू शकेल, त्या दिवशी आपल्या मंडळाचे एक मोठे काम झाले असे मी समजेन.